तायडेकाकांच्या लॉनची हजामत

आमच्या कॉलनीत दर रविवारी सकाळी एक हजामत व्हायची. न्हावी तायडेकाका आणि गिऱ्हाईक त्यांच्या घरापुढचं लॉन. गवताने आठवड्याभरात जरा कुठे डोकं वर काढलं की काका लेंगा गुडघ्यापर्यंत गुंडाळून उकिडवे बसत आणि मेंढ्या भादरायच्या कातरीने ते पार मुळापर्यंत उडवत. हो, मेंढ्या भादरायच्या. गवत कापायची मशीन त्यांनी एकदा आणून पाहिली होती, पण आठवड्यातच दुकानात परत दिली. "मशीन वरवर चाटते, मास्तर. आंगाशी लागत नाई," असं त्यांचं म्हणणं. मग एका धनगराच्या मागे लागून त्यांनी ही कातर मिळवली.

आमचं बुलढाणा डोंगरावरचं. खालून, खामगाव-अकोल्याकडून घाट चढून राहायला आलेला माणूस आधी पंखा बंद करतो आणि मग घरापुढे लॉन लावतो, कारण इथल्या हवेत ते फारसे लाड न करता वाढतं. काकांनीही आल्या आल्या लावलं. फक्त नंतर त्याला वाढू दिलं नाही. एकदा खामगावचे त्यांचे जुने स्नेही आले होते. अंगणाच्या मधोमध उभं राहून त्यांनी कौतुकाने विचारलं, "जागा तं मस्त हाये, तायडे. मंग लॉन कधी लावता?" काका म्हणाले, "तुमी त्याच्यावरच उभे आहा."

काकांचा जन्म खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत कापूस पारखण्यात गेला होता. ढिगात हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, चिमटीत ओढून पाहायचा आणि आत किडकी, पिवळी कवडी किती, कचरा किती, ओल किती ते सांगायचं. नोकरी संपली, पण हात काही निवृत्त झाला नाही. माझ्या नव्या सदऱ्याची कॉलर ते माझ्या अंगावरच चिमटीत धरून बघत. आमच्या हिच्या हातची पोळी खाण्याआधी तिच्यावरून अंगठा फिरवत. सगळ्यांना एकच माप: "माल साफ पाह्यजे." ताक साफ पाहिजे, बातमी साफ पाहिजे, उभा राहिलेला उमेदवार साफ पाहिजे. शेवटच्या बाबतीत अंगठा फिरवायची सोय नसल्यामुळे ते निवडणुकीत नेहमी चिडलेले असत.

लॉनचीही ते परीक्षा घेत. कापून झालं की उभं राहून वरून एक तीळ टाकत आणि मला कंपाउंडपाशी बोलावत. "दिसते का?"

"दिसतो, काका."

"नक्की?"

"अहो, दिसतो ना!"

"मंग झालं." तीळ दिसला नाही तर पुन्हा कातर सुरू. या प्रयोगांमुळे त्यांच्या अंगणात मुंग्यांची कायमची वस्ती झाली होती.

माझं लॉन घोट्याच्याही वर वाढलेलं असायचं. मला ते तसंच आवडतं आणि त्याचा मला थोडा माजही आहे. त्यावर काकांचा भयंकर राग. "काऊन वाढवून राह्यले एवढं? याच्यात एखांदी म्हैस हरपली तं पोलिसात जा लागन!" मी म्हणायचो, "काका, तुमच्या गवताला उन्हाळ्यात चक्कर येते, त्याचं बघा आधी." हे मात्र खरं होतं. मार्च लागला की ते बोडकं लॉन पिवळं पडे, मग तपकिरी, आणि एप्रिलमध्ये नुसती माती. काका खाली मान घालून पाणी घालत राहत. गवत मरतं हे त्यांनाही दिसत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं, पण पालवी फुटली की पुन्हा कातर.

या सगळ्यात एकच व्यक्ती गवताच्या बाजूने होती, ती म्हणजे इंदूकाकू. काकू देऊळघाटच्या. लहानपणी सकाळी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या गवतातून अनवाणी शेतात जायचं, पोटऱ्या दवाने भिजायच्या, ही त्यांची आवडती आठवण. पायरीवर खुर्ची टाकून त्या आमच्या लॉनकडे बघत बसायच्या. "मास्तर, तुमच्या इथं दव कित्ती पडते हो!" मग नवऱ्याकडे वळून, "एक हिवाळा वाढू द्या ना. एकच. मंग भादरा जन्मभर."

काका कातरीवरची नजर न काढता म्हणत, "पुढच्या वर्षी पाहू."

हे मी दर हिवाळ्यात ऐकलं आहे.

काकूंचीही एक गंमत होती. त्या घरातसुद्धा पांढरे बूट आणि मोजे घालत. हळदीकुंकवाला जरीचं लुगडं आणि खाली खेळाडूचे बूट. बायका तोंडाला पदर लावून हसत, "शौकीन हायेत बाई इंदूबाई." बूट उतरत फक्त रविवारी. लॉनची हजामत झाली, तिळाची परीक्षा झाली, की काका गुडघ्यांवर बसून पूर्ण अंगणावरून तळहात फिरवत, कोपरान् कोपरा. मग काकू बूट काढून चालायला उतरत आणि काका त्यांच्यापुढे, तोंड त्यांच्याकडे करून, उलटे चालत, नजर जमिनीवर. काकू म्हणत, "लय मस्त वाटते." काका खूश. ही वरात बघायला कॉलनीतले लोक मुद्दाम चहाचे कप घेऊन बाहेर येत. मीही त्यात असे.

मग एका संक्रांतीला काकू आमच्याकडे वाण द्यायला आल्या. काका बाजारात गेले होते. फाटकातून आत आल्या आणि आमचं लॉन बघून त्यांना राहवलं नसावं. बूट-मोजे तिथेच काढून ठेवले आणि सरळ गवतातून चालत घरात आल्या. खुर्चीवर बसून लोणच्याच्या गप्पा सुरू झाल्या. आमची ही तिळगूळ घेऊन आली आणि दारातच थांबली. उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत फरशीवर रक्ताचे ठसे उमटले होते. एका पायाचे.

"काकू, पाय!"

"काय झालं पायाले?" काकूंनी खाली बघितलं. बाभळीचा काटा टाचेत निम्मा शिरला होता आणि त्यांना पत्ताही नव्हता.

तेवढ्यात काका आले. फाटकापाशी बूट पडलेले पाहूनच ते धावले असणार. भाजीची पिशवी दारात टाकून ते फरशीवर बसले, काकूंचा पाय मांडीवर घेतला आणि काटा काढून सगळ्या तळव्यावरून सावकाश अंगठा फिरवला, कापसावरून फिरवावा तसा. दुसरा पायही तसाच तपासला.

काकूच म्हणाल्या, "शुगर हाये मले. पाय कवाचेच बहिरे झाले. डॉक्टर म्हणते अनवानी पाय टेकूच नका. म्या आयकत नाई, म्हनून हे बिचारे गवत भादरतात. समोरच्या प्लॉटातल्या बाभळीचे काटे वाऱ्यानं येतात ना." मग आमच्या हिचा हात धरून म्हणाल्या, "कॉलनीत सांगू नको, बाई. शौकीन म्हणू दे मले. बिमार नको म्हणू दे."

आम्ही सांगितलं नाही. काकांनी तर कधीच सांगितलं नव्हतं. सगळी कॉलनी त्यांना येडं समजत होती आणि ते समजू देत होते. त्यानंतर रविवारी मी चहाचा कप घेऊन बाहेर गेलो नाही. एखाद्या वेळी काकाच हाक मारत, तीळ बघायला, तेव्हा मात्र मी डोळे फाडून बघायचो.

काकू मागल्या वर्षी दिवाळीनंतर गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं. पायाला शेवटपर्यंत काही झालं नाही. लोक भेटायला येत तेव्हा काका एवढंच सांगत, "पाय एकदम साफ होते तिचे. एक ओरखडा नाई." ऐकणाऱ्याला काही कळत नसे. मुलगी नाशिकला न्यायला आली, ते गेले नाहीत.

आणि कातर थांबली. उन्हाळ्यात ते लॉन पाण्यावाचून मातीला मिळालं, पण पाऊस पडला आणि गवत जे उठलं ते उठलंच. आधी घोटा बुडला, मग पोटरी. कॉलनीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, साप येतील. कोणी म्हणालं, बाई गेली, आता म्हाताऱ्याला उत्साह राहिला नाही. मलाही तसंच वाटलं.

परवा सकाळी मी फाटकाशी पेपर घ्यायला गेलो. थंडी चांगली पडली होती आणि दोन्ही लॉन दवाने पांढरी झाली होती. पलीकडे काका त्या वाढलेल्या गवतात गुडघ्यांवर बसले होते, बाह्या खांद्यापर्यंत ओल्या. दोन्ही हातांनी गवत बाजूला करत, बुडख्याशी बोटं फिरवत, इंच इंच पुढे सरकत होते. मी कंपाउंडवरून हाक मारली.

"काका, काही हरवलं का?"

"नाई." ते थांबले, पण वर बघितलं नाही. "मास्तर, तिचे तळवे बहिरे होते. घोट्याच्या वर कळत होतं तिले. बरोबर कळत होतं."

मला पटकन समजलं नाही. ते हाताने पोटरीपाशी रेघ दाखवत म्हणाले, "येवढुश्या बोडक्या गवतावर तिले काईच लागत नसन. दगडावर चालली काय अन् लॉनवर चालली काय, सारखंच. मले बरं वाटावं म्हनून म्हने, लय मस्त वाटते. हे असं वाढलेलं असतं तं इथं लागलं असतं. दव लागलं असतं. म्हनून मागत होती ते. म्या समजलोच नाई."

"तुम्ही काकूंच्या पायासाठीच केलं ना, काका. काट्याच्या भीतीने."

"काटे तं याच्यातही सापडतात," ते म्हणाले. "हात फिरवावा लागते. वेळ जास्त लागते, बस. मले कोणतं काम होतं?"

मी पेपर हातात धरून तसाच उभा राहिलो. काका पुन्हा वाकले. गवत बाजूला करून आत, पार मुळाशी, बोटं फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी चिमटीत काहीतरी धरून हात वर केला आणि मला दिसावं म्हणून उजेडात फिरवला. बाभळीचा काटा होता.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "सापडला ना."