मी असतो तर

सल्ला केंद्रात सल्ला द्यायला मनाई असते, हे पोस्टमास्तरांना प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी कळलं आणि त्यांचा चेहरा तिकीट न लावलेल्या पाकिटासारखा झाला.

त्यांना निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. तेवढ्या अवधीत त्यांनी सुनेला भाजी चिरायची, मुलाला गाडी वळवायची आणि शेजाऱ्याला कुंपण रंगवायची योग्य पद्धत समजावून सांगितली होती. दातांच्या डॉक्टरलाही सोडलं नव्हतं, तेही स्वतःचं तोंड उघडं असताना. शेवटी बायकोनंच ग्रंथालयाच्या दारावरची पाटी वाचून आणली: ‘मोफत सल्ला केंद्र. स्वयंसेवक हवेत.’

“अहो, तिथे म्हणे लोक आपणहून विचारायला येतात,” ती म्हणाली. “रांग लावून.”

पोस्टमास्तरांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज भरला.

केंद्र म्हणजे ग्रंथालयाच्या मागच्या दोन खोल्या. एकीत बाक आणि टोकनांचा डबा, दुसरीत टेबल, तीन खुर्च्या आणि नियमांच्या फायलींनी वाकलेलं कपाट. सगळा कारभार ताई बघत. केंद्रात पगार असलेली व्यक्ती एकच, ती म्हणजे ताई, आणि तोही इतका की त्यांना स्वयंसेवकच म्हणायला हरकत नव्हती.

“आपण आधी ऐकायचं,” ताईंनी शिकवलं. “मग विचारायचं. मग नियम काय आहे ते फाइलीत बघायचं आणि माणसापुढे सगळे रस्ते मांडायचे. कुठल्या रस्त्यानं जायचं, ते त्यानं ठरवायचं.”

“आणि मी काय ठरवायचं?”

“चहा केव्हा घ्यायचा ते. काका, ‘मी असतो तर’ हे तीन शब्द या खोलीत काढायचे नाहीत. आणि इथं कोण आलं, काय बोललं, ते बाहेर सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही. तिसरं म्हणजे, एका भांडणातल्या दोन्ही बाजूंना आपण सल्ला देत नाही. आधी आला तो आपला. दुसऱ्याला शेजारच्या गावातल्या केंद्राचा पत्ता द्यायचा.”

“पण हे सगळं फुकट चालतं कसं?”

“लोकांना फुकट आहे, आपल्याला नाही,” ताई हसल्या. खोल्या ग्रंथालयाच्या होत्या. थोडं अनुदान नगरपालिका द्यायची. वकीलबाई दर गुरुवारी दोन तास फुकट बसायच्या. फोन, वीज आणि छपाईचा खर्च मात्र एकट्या शेठच्या देणगीवर चालायचा. शेठ म्हणजे बाजारातल्या विजेच्या वस्तूंच्या सगळ्यांत मोठ्या दुकानाचे मालक.

महिनाभर पोस्टमास्तर ताईंच्या शेजारी बसले आणि जीभ दाताखाली धरून ऐकत राहिले. पाचव्या आठवड्यात, मंगळवारी, ताईंनी त्यांना पहिल्यांदाच एकट्याला टेबलावर बसवलं.

तिसऱ्या टोकनाला एक बाई आली. ती घरी पाळणाघर चालवायची. आठ मुलं, सगळ्यांत मोठं साडेतीन वर्षांचं. “काका, आठ पोरांचे कपडे म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं,” ती म्हणाली. “धुण्याचं नवीन मशीन घेतलं. सहाव्या दिवशी बंद. दुकानवाला म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते दुकानवाल्याला विचारा. तीन आठवडे झाले. हातानं धुऊन धुऊन ही बघा बोटं. दोघी आयांनी तर पोरं दुसरीकडे टाकायची भाषा सुरू केलीय.”

पोस्टमास्तरांनी सगळं शिकवल्याबरहुकूम केलं. ऐकलं. विचारलं. फाइल काढली. दुकानाकडे लेखी तक्रार, कंपनीला पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस, नाहीतर ग्राहक मंच, असे तिन्ही रस्ते तिच्यापुढे व्यवस्थित मांडले. फक्त दुकान कुठलं, ते अर्जाच्या शेवटच्या ओळीत लिहायचं असतं आणि त्या ओळीपर्यंत ते अजून पोचले नव्हते.

बाई रस्त्यांकडे बघत राहिली. मग तिनं डोळ्याला पदर लावला. “काका, तुम्ही माझ्या वडिलांसारखे. तुम्ही असता तर काय केलं असतंत?”

आठ महिने आणि चार आठवडे कुणी त्यांना हे विचारलं नव्हतं. पोस्टमास्तरांनी दाराकडे पाहिलं. ताई फोनवर होत्या.

“मी असतो तर,” ते पुढे झुकून म्हणाले, “सरळ त्या दुकानात जाऊन बसलो असतो. मशीन बदलून देईपर्यंत उठलो नसतो.”

बाई ताडकन उठली आणि गेली. अर्ज तसाच राहिला. पोस्टमास्तरांना बऱ्याच दिवसांनी मोकळं मोकळं वाटलं.

आता, पाळणाघर चालवणारी बाई दुकानात जाऊन बसणार, तर दिवसभर पोरं कुणाकडे ठेवणार? शेजारणीनं तासभरच सांभाळायचं कबूल केलं होतं. अकरा वाजता ती आठही मुलांना एका दोरीला धरायला लावून दुकानात शिरली. बरोबर ओल्या कपड्यांच्या दोन बादल्या होत्या. दुकानात मांडलेल्या फ्रिजांच्या उघड्या दारांवर दुपटी वाळत पडली. सहा टीव्हींचे आवाज सहा मुलांनी सहा पट्ट्यांत लावले. सातवं टेबलपंख्याशी गप्पा मारू लागलं. आठवं एका रिकाम्या खोक्यात गाढ झोपलं आणि त्याला उठवायची कुणाची हिंमत होईना. नवीन मशीन बघायला आलेलं एक जोडपं बाईला दुकानातली समजून भाव विचारू लागलं. बाईनं आपल्या मशीनची हकिगत पहिल्यापासून सांगितली. जोडपं गेलं. दुसरं आलं. त्यांनाही सांगितली.

साडेअकराला केंद्रातला फोन वाजला. ताईंनी तो कानापासून वीतभर लांब धरून ऐकला आणि मग टेबलाशी आल्या.

“काका, शेठच्या दुकानात एक बाई आठ मुलं घेऊन बसलीय. मघाशी तुमच्याकडे आलेली तीच ना?”

पोस्टमास्तर खुर्चीतून अर्धे उठले. “शेठचं दुकान? आपले शेठ?”

“आपलेच. तुम्ही तिला काय सांगितलंत?”

“सगळे रस्ते सांगितले.”

“आणि?”

“आणि एका रस्त्यावर... जरा हाताला धरून सोडलं.”

ताई काही बोलणार, तोच शेठ आत आले. टोकन न घेता आणि घामानं निथळत. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत नगरपालिकेचा अनुदानाचा फोन आला आणि ताईंना जावं लागलं. जाताना त्यांनी पोस्टमास्तरांकडे अशी एक नजर टाकली की त्यांना तिन्ही नियम एकदम आठवले.

“माझ्या दुकानात एक बाई बसलीय,” शेठ खुर्चीत आदळत म्हणाले. “तिला उठवायचं कसं, सांगा.”

“याबाबतीत आम्हाला तुम्हाला सल्ला देता येणार नाही.”

“का?”

“ते सांगता येणार नाही.”

“का सांगता येणार नाही?”

“तेही सांगता येणार नाही.”

शेठनी डोळे बारीक केले. “म्हणजे ती इथं आली होती.”

“इथं कोण आलं आणि कोण नाही, ते आम्ही कुणाला सांगत नाही. तुम्ही आलात हेसुद्धा मी कुणाला सांगणार नाही.”

“अहो, बाहेर बाकावरची सात माणसं बघतायत मला!” शेठनी वर बोट केलं. “हा पंखा कुणाच्या पैशानं फिरतो, माहितीय?”

“तुमच्या,” पोस्टमास्तर म्हणाले. “त्याबद्दल फार आभार. शेजारच्या गावातल्या केंद्राचा पत्ता लिहून देऊ?”

शेठनी खुर्ची मागे ढकलली. उठले आणि चालते झाले. पत्त्याचा कागद टेबलावरच राहिला.

ताई आल्यावर पोस्टमास्तरांनी स्वयंसेवकाचा बिल्ला काढून त्यांच्यापुढे ठेवला. “माझ्यामुळे तुमची वीज जाणार.”

“‘मी असतो तर’ म्हणालात, ती चूक,” ताई म्हणाल्या. “त्यासाठी प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून. पण शेठना जे बोललात ते बरोबर होतं. ज्याच्या पैशानं पंखा फिरतो त्याच्याकडेच आपणही फिरायला लागलो, तर त्या बाकावर कोण येऊन बसेल? बिल्ला लावा. चौथं टोकन केव्हाचं ताटकळलंय.”

एकच्या सुमाराला बाईचा फोन आला. तिच्या दारात टेम्पो उभा होता, टेम्पोत नवं मशीन होतं, आणि झोपलेलं मूल खोक्यासकट घरी पोचवलं होतं.

शुक्रवारी सकाळी बाकावर शेठ बसलेले दिसले. या वेळी हातात टोकन होतं, नऊ नंबरचं. त्यांची पाळी आली तेव्हा पोस्टमास्तर ताठ बसले. देणगी बंद केल्याचं पत्र कुठल्या खिशातून निघतंय, ते बघत राहिले.

“त्या बाईनं दुकानात पाऊल टाकल्या टाकल्याच सांगितलं होतं,” शेठ म्हणाले. “‘सल्ला केंद्रातल्या मिशीवाल्या काकांनी पाठवलंय.’ पोरांच्या गोंधळातही आख्ख्या दुकानाला ऐकू गेलं.”

पोस्टमास्तरांना खुर्चीत मावेनासं झालं. “मग तुम्ही मला विचारत कशाला होतात?”

“बघत होतो. देणगीदारापुढे तरी तुमचं तोंड उघडतं का ते. नाही उघडलं. वर मलाच दुसऱ्या गावाचा पत्ता!” त्यांनी मागे वळून दार नीट लागलंय का पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. “त्या बाईचं भांडण मिटलं. आता मी तुमचा होऊ शकतो ना?”

“होऊ शकता.”

“मग ऐका. मोठ्या शहरातून अंग रगडायची खुर्ची आणली. विजेवरची, महागाची. ती मानेला धरते आणि सोडत नाही. परवा वीस मिनिटं अडकलो होतो, शेवटी बायकोनं घराचा फ्यूज काढला. दुकानदार म्हणतो, कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, दुकानदाराला.” शेठ लाजेनं लाल झाले. “ही गोष्ट बाजारात फुटली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही हो.”

पोस्टमास्तरांच्या ओठांवर एक वाक्य आलं. त्यांनी ते पेलाभर पाण्याबरोबर खाली ढकललं, कोरा अर्ज पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

“खरेदीची पावती?”

शेठनी वर पंख्याकडे पाहिलं.

“व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याकडे पावती मागायची,” ते पुटपुटले, “बरं दिसतं का ते?”