आबा वकिलांचा कापूस

आमच्या शेजारचे आबा वकील सुनावणीला निघाले की कोटाच्या खिशात कापसाची पुडी घेतात. स्वतःसाठी नव्हे हो, अशिलासाठी! युक्तिवादाआधी अशिलाच्या कानांत बोळे कोंबतात आणि बजावतात, "मी बोलतो ते साहेबांसाठी. तू ऐकायचं नाहीस."

आबा दावे घेतात ते फक्त रेल्वे अपघातात जखमी झालेल्यांचे. बांधाचं भांडण घेऊन जा, दारातूनच वाटेला लावतील. पण गाडीतून पडून कोणी सिव्हिलमध्ये आलंय असं कळू दे, थर्मासभर पेज घेऊन हजर. पेज पोटात गेल्याशिवाय वकीलपत्राची गोष्ट काढत नाहीत.

यंदा भाट्ये गावच्या एका मासेवालीची केस होती. बाईचा हात निकामी, तोंड मात्र ठणठणीत. मी साक्षीला म्हणून मुंबईला सोबत गेलो होतो. आबांनी घातलेले बोळे बाईने लगेच काढले. माझ्याबद्दलच बोलणार आणि मीच नको ऐकू, असा तिचा सवाल. दोघं भर कोर्टात भांडत बसले, साहेब ताटकळले. मला हसू आवरेना.

परतीच्या गाडीत मी त्यावरून आबांची फिरकी घेत होतो. चिपळूण आलं आणि आबांनी हात करून मला थांबवलं.

त्यांच्या मुलाचा, विनयचा पाय इथेच गेला. गणपती आटोपून नोकरीवर निघालेला, पाणी घ्यायला उतरून चालत्या गाडीत परत चढताना घसरला. दावा आबांनीच चालवला. नुकसान मोठं दिसलं तरच भरपाई बरी मिळते, ही वकिलीतली रीत. विनय समोर बसलेला असताना आबा हात जोडून म्हणाले होते, "साहेब, हा मुलगा आता कशाच्याच कामाचा राहिला नाही."

दावा जिंकले. विनय पुण्याला नोकरीला लागला, छान चाललंय त्याचं. घरी मात्र आलेला नाही. दर गणपतीला आबा त्याची खोली झाडून ठेवतात आणि विसर्जनानंतर कडी लावतात.

"अहो, मग सांगा ना त्याला, केससाठी बोललो म्हणून," मी म्हटलं.

"सांगितलं रे. म्हणाला, आबा, कोर्टात खोटं बोलताना तुमचा आवाज कधी भरून येत नाही. त्या दिवशी आला होता."

गाडी सुटली. आबा फलाटाकडे बघत होते.

"आवाज भरला तो त्याच्या पायासाठी. हे कुठल्याही साहेबाला पटवलं असतं मी. त्याला कसं पटवू?"