भरली होडी, रिकामं विमान

सोपाननं होडीच्या मधोमध लापशीचं पातेलं ठेवलं आणि डोक्यावरचा नवाकोरा फेटा सारखा केला. येडगाव धरणाच्या पल्याड त्याच्या लेकीचा, रत्नाचा, साखरपुडा होता. रत्ना जीपनं पुढं गेलेली. व्याही राजरत्न भलता तापट. "दिवस डोक्यावर यायच्या आत लापशी पंगतीत पायजे. न्हाईतर आमी उठलो समजा," असं त्यानं बजावून ठेवलेलं.

अर्धं पाणी कापलं तोच वरून घरघर आली. जुन्नरच्या कापडवाल्या रिखबशेटचा बंटी! परदेशात शिकून आला, तो पाण्यावर उतरणारं विमान घेऊनच. चाकांच्या जागी दोन लांबोडक्या डोण्या. ते असं खाली आलं, की धरणातले मासे म्हणे काठावर जाऊन बसले.

"अवं, होडी वळवा!" सोपानची बायको शकुबाई ओरडली.

"मी का वळवू? माझी होडी भरलेली, त्येचं इमान रिकामं. रिकाम्यानं भरल्या गाडीला वाट द्यायची, ही रीत हाय."

"त्येला ठावं हाय का रीत?"

"जुन्नरचं पोरगं हाय. असंल की!"

बंटीनंही होडी पाहिली होती. पण एवढं मोठं धूड अंगावर येताना बघून कुणीही बाजूला होईल, असं तो धरून चालला होता.

धाडकन आवाज झाला. विमानाची एक डोणी चेपली, होडीच्या कुशीला भगदाड पडलं आणि पाणी आत घुसलं.

बंटी चेपलेल्या डोणीवर उतरला. "काका, वल्हं हातात होतं ना? मग वळायचं नाही?"

"तुला वरनं सगळं धरान दिसतंय, आन् माझी होडीच तेवढी दिसली न्हाई व्हय?"

"दिसली की!"

"मंग चूक तुझी!"

"मीपण तुम्हाला दिसलो होतो ना? मग तुमची!"

पाणी घोट्याला लागलं. पातेलं कललं. शकुबाईनं ते मांडीवर ओढलं. "अर्धी त्येची, अर्धी तुमची! पानी मातर सगळं माझ्या लापशीत शिरतंय. फेटा काढा!"

"व्याह्याच्या दारात बोडक्यानं जाऊ?"

"मंग बुडून जावा!"

फेटा भगदाडात गेला. होडी दोरानं विमानाला बांधली. बंटीनं स्वतःचं हेल्मेट सोपानच्या डोक्यावर चढवलं, आणि फेस उडवत वरात निघाली. सोपान डब्यानं पाणी उपसत होता, शकुबाई पातेल्याला मिठी मारून बसली होती. दिवस डोक्यावर आला. काठावर राजरत्न उठून उभा राहिलेला दिसला.

राजरत्न गुडघाभर पाण्यात शिरला. त्यानं हेल्मेट बघितलं, विमान बघितलं. लापशीकडं ढुंकूनही बघितलं नाही.

"जयभीम, पावणं," सोपान पुटपुटला. "जरा उशीर..."

"उशीर ऱ्हाऊ द्या! आमचं ठरलं. नवरदेव लग्नाला ह्येच्यातनंच येनार. न्हाईतर सोयरीक मोडली!"

सोपाननं वळून पाहिलं. बंटी ओठ घट्ट मिटून दोर सोडत होता. सोपाननं लापशीचा पहिला वाडगा भरला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरला.

"बंटीशेट, म्या लई इचार केला. चूक सगळी माझीच व्हती, राव."