माझ्या कानाची चिठ्ठी

इंदूवहिनी डॉक्टरकडे जातात त्या दुसऱ्याचं दुखणं घेऊन, आणि तेही दुखणाऱ्याला घरी ठेवून. "पेशंट संगती असला की खोटं बोलतो," असं त्यांचं म्हणणं.

दिवेआगरला आमच्या दोघांच्या वाड्यांमध्ये कमरेएवढा दगडी गडगा आहे. पलीकडे वहिनी आणि त्यांचं मांजर, अलीकडे मी. दोन्हीकडची मुलं पनवेलला. गावातल्या कुणाचा गुडघा, कुणाचं पोट वहिनींनी असंच परस्पर आमच्या डॉक्टरांना सांगून मोठ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी आणली आहे. एकदा सरपंचांची मूळव्याध त्यांनी भरल्या दवाखान्यात अशी रंगवून सांगितली, की सरपंच आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत.

"पण आता खुर्चीवर बसतात ना?" वहिनी विचारतात.

मग माझ्या कानांची पाळी आली. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं मी सांगत असे. खरी भीती मशीनची होती. ते कानात घातलं की माणूस म्हातारा ठरला.

मी ऐकेना, तेव्हा वहिनी एकट्याच दवाखान्यात गेल्या.

"दुखणं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कान भावोजींचा, घसा माझा. तो बसलाय ओरडून."

"मग त्यांना बोलवा."

"हाक ऐकून येणारा पेशंट असता, तर चिठ्ठी मागाया कशाला आले असते?"

डॉक्टरांना माझा कान जुना ठाऊक. त्यांनी हसत हसत अलिबागच्या कानाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी कमरेला खोचून वहिनींनी मला एसटीत बसवलं. तिथेही सगळी उत्तरं त्याच देत होत्या.

"यांना बोलू द्या," मोठे डॉक्टर म्हणाले.

"बोलतात हो ते. ऐकत न्हाईत."

मशीन मागवून परत आल्यावर मी गावात सांगत सुटलो की वहिनींना अलिबाग फिरायचं होतं, म्हणून माझ्या कानाचं निमित्त केलं. लोक हसले. त्यांना दवाखान्याची एजंट म्हणू लागले. ते मी खोटं सांगितलं होतं, हे आज लिहून टाकतो. त्यांनी मला का नेलं, ते मशीन आल्यावर कळलं.

पहिल्याच संध्याकाळी मशीन लावून पडवीत बसलो होतो. माड एवढे सळसळतात हे विसरूनच गेलो होतो. वहिनी दिवा लावून ओटीवर आल्या. रोजच येत, काहीतरी पुटपुटत आणि आत जात. मांजराला रागावत असतील, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"जेवलात का, भावोजी?"

अगदी साध्या आवाजात. माझ्याकडे न बघता. विचारलं आणि आत जायला वळल्यासुद्धा.

"अजून नाही," मी म्हणालो. "तुम्ही?"

वहिनी उंबऱ्यात थांबल्या.

"रोज इचारते," त्या म्हणाल्या. "आजवर मांजरच उत्तर द्यायचं."