पान सतरा

साडेदहा वाजून गेले, तरी चांगोमास्तरांच्या पिंडाला कावळा शिवेना. पेज नदीच्या काठावर कावळे ओरडत होते ते फक्त दहाव्याला जमलेल्या साठ-सत्तर माणसांच्या पोटात. खरे कावळे पलीकडच्या रिसॉर्टच्या मागे गेले होते. तिथे आदल्या दिवशी मुंबईच्या पाहुण्यांचं लग्न झालं होतं, आणि बिर्याणी सोडून भाताच्या गोळ्याकडे यायला कावळा काही खुळा नसतो.

हे भटजींनाही कळत होतं, पण तसं बोलायची सोय नव्हती. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची इच्छा मागे राहिली आहे. ती ओळखून कोणीतरी मोठ्याने शब्द द्यायचा, ही रीत.

मास्तरांचा धाकटा भाऊ रोहिदास पुढे झाला. "दादा, तुझ्या खोलीतली कागदं हायत तशी ठेवतो. येक बी हलवत नाय. ये रं बाबा!" त्या खोलीत त्याला पिठाची गिरणी टाकायची होती, त्यामुळे शब्द तसा लहान नव्हता. कावळा आला नाही. बहीण बायजा डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "दादा, तुझ्या नावानं वाचनालय काढू." तरीही नाही. मग सरपंच बुधाजींना राहवेना. त्यांनी भावनेच्या भरात थेट पुतळाच जाहीर केला.

"पुतळ्याच्या हातात काय द्यायचं?" मागून कोणीतरी विचारलं.

"खडू द्या," बुधाजी म्हणाले.

"यजमान, जरा लवकर," भटजी घड्याळाकडे बघत म्हणाले, "मला बारा वाजता चौक गावी दुसरा दहावा आहे."

पंचाईत अशी होती, की माणसाने आयुष्यभर काय केलं तेच कोणाला ठाऊक नव्हतं. मग राहिलं काय, हे ओळखणार कसं? गावाच्या लेखी चांगो हे मास्तर. प्रत्यक्षात ते गणिती तर्कशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पस्तीस वर्षं पुण्यात शिकवून कशेळ्याजवळच्या आपल्या गावी परतले होते. एका विशिष्ट जातीच्या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही नियमांनी कधीच काढता येणार नाहीत, हे त्यांनी तरुणपणी सिद्ध केलं होतं. जगभरच्या एकशे बारा शोधनिबंधांत त्या प्रमेयाचा आदराने उल्लेख होता. रोहिदासला त्यांनी हे एकदा समजावलं, तेव्हा तो म्हणाला होता, "उत्तर मिळनार नाय ह्ये कळायला येवढं शिकलास व्हय?"

आता रोहिदासची नजर कडेला उभ्या असलेल्या हर्षलाकडे गेली. ती मास्तरांची शेवटची विद्यार्थिनी. खोपोलीच्या एका कॉलेजात शिकवायची.

"ताई, त्याचं काय राहिलंय त्ये तुमालाच ठावं. तुमचं काम पुरं करते, आसं म्हना. लोकं उपाशी हायत."

हर्षला एक पाऊल मागे सरली. गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी तिने सरांना मेल पाठवली होती. त्यांच्या प्रमेयात, सतराव्या पानावर, तिला चूक सापडली होती. साधीसुधी नव्हे, सगळं प्रमेय ज्यावर उभं होतं तिथेच. त्याच दुपारी सर गेले. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. आपणच सरांना मारलं आणि आता त्यांच्या दहाव्याला येऊन उभ्या राहिलो, एवढंच तिच्या डोक्यात होतं. वर, सिद्ध न झालेलं बोलायचं नाही, हेही सरांनीच शिकवलेलं.

"म्हना की," बायजा म्हणाली. "येक वाक्य तर हाय."

"एकच," बुधाजी म्हणाले. "आमी तर पुतळा दिला."

"नाही म्हणता येत!" हर्षला ओरडलीच. "सरांचं प्रमेय चुकलंय! पान सतरा चुकलंय! मीच त्यांना कळवलं, आणि त्यानेच ते गेले."

रोहिदास भडकला. "मेल्या मानसाच्या चुका काढाया आलाव काय हितं?"

"तू गप रं," मास्तरांच्या पत्नी इंदूबाई पहिल्यांदाच बोलल्या. त्या हर्षलाजवळ आल्या. "पोरी, त्यांचं काळीज थकलं हुतं. डाक्टरनी दिवाळीतच सांगितलेलं. आनि सतरा पान त्यांना म्हाईत हुतं."

"कधीपासून, काकू?"

"ईस वर्सं झाली. मी म्हनायची, दुरुस्त करा की. तर म्हनायचे, ज्यो वाचंल त्यो लिवंल. कोन वाचतंय त्ये बगू. आधी रोज टपाल बगायचे. मंग बगायचं बी सोडलं."

"पण एकशे बारा जणांनी..."

"त्यातला येक बी सतरापर्यंत पोचला नाय गं." इंदूबाईंनी पदराआडून मास्तरांचा मोबाइल काढला. "तुझं आलं त्या दिशी दोनदा साखरेचा चहा मागितला त्यांनी. तुला लिवतालिवताच आडवे झाले. मला धाडता येईना."

पडद्यावर एकच ओळ होती. 'हर्षला, सतरा सापडलं, शाबास. एकवीस अजून बाकी आहे.'

हर्षलाचा चेहरा पडला. चूक सापडल्याच्या आनंदात तिने सतराच्या पुढची पानं उलटलीच नव्हती. एकशे तेरावी ठरली होती ती. पिंडाकडे वळून ती कशीबशी म्हणाली, "वाचते, सर. शेवटपर्यंत वाचते."

कावळा आला नाही. भटजींनी मग दर्भाची काडी वळून तिचा कावळा केला. "हाच कावळा मानायचा."

"मानायचं म्हणजे?" हर्षलाने सवयीने विचारलं.

"मानायचं म्हणजे मानायचं. सिद्ध करत बसायचं नाही," म्हणत त्यांनी तो पिंडाला लावला आणि पिशवी आवरली. माणसं जेवायला पळाली. बुधाजी जाता जाता, पुतळा या कावळ्याला लागू होतो का, ते भटजींना हळूच विचारत होते.

हर्षला घाटाच्या पायरीवर बसून आपल्या फोनवर पुढची पानं वाचू लागली. अठरावं ठीक होतं. एकोणिसाव्या पानावर ती थांबली, पुन्हा वाचलं, हाताच्या तळव्यावर पेनाने मांडून पाहिलं. इथेही चुकलं होतं. सरांनी लिहिलं होतं ते एकविसाचं. एकोणीस त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तिने घाईघाईने मेल उघडली, वर सरांचं नाव टाकलं, 'सर, पान एकोणीस' एवढं लिहिलं. आणि दहा दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं.