विहिरीतली बटरफ्रूटची चटणी

“हात कोणी लावला याला?” आग्नेसबायने वाडगा नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

सकाळी पोपटासारखी हिरवी असलेली चटणी दुपारपर्यंत काळीठिक्कर पडली होती. बोटीवर स्वयंपाकी असलेल्या तिच्या भावाने, गॅब्रिएलने, कोलंबोहून चार बटरफ्रूट, म्हणजे अ‍ॅव्होकॅडोची फळं, आणली होती. उद्या तिच्या लेकीला, हेलनला, बघायला पाहुणे येणार होते. होळी नावाच्या त्यांच्या गावात कुणी चाखला नसेल असा पदार्थ त्यांना पावाबरोबर वाढायचा, असा आग्नेसबायचा बेत होता.

“मी कशाला लावू? मला तर तो साबण वाटला,” बॅप्टिस्ट म्हणाला.

आग्नेसबाय तरातरा भावाकडे गेली. “कुजकी फळं दिलीस होय रे बहिणीला?”

“कुजकी नाय गो! वारा लागला की काळी पडते ती. लिंबू पीळ, वर थोडं पानी ओत, झाकण लाव नि थंड जागी ठेव.”

थंड जागा म्हणजे आळीची विहीर. उरलेल्या दोन फळांची चटणी वाटून आग्नेसबायने पितळी डब्यात भरली आणि डबा दोरीने विहिरीत सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची धोंडूबाई पाणी भरायला आली. तिची बादली दोरीत अडकली. तिने दिला हिसका. डबा कलंडला, झाकण उडालं आणि हिरवेगार गोळे पाण्यावर तरंगू लागले.

“आग्नेस! इहिरीत काय घान टाकलीस?”

“घाण? कोलंबोचं फळ आहे ते! माझा डबा सांडलास तो सांडलास, वर मलाच बोलतेस?”

“इहीर काय तुझं कपाट हाय?”

“आणि तुझी बादली काय नांगर आहे?”

आळी जमली. आग्नेसबायचा आवाज देवळापर्यंत पोचला. तेवढ्यात बॅप्टिस्टने तिचा पदर ओढला. मागे पाहुणे उभे होते.

आग्नेसबायचा चेहरा उतरला. मुलाची आई रोझलिन तिला निरखून बघत होती. मग हळूच म्हणाली, “आमच्या केळीच्या बागेचं पाणी शेजारी दहा वर्षं तोडतोय. घरात सगळी मुकी माणसं. तुमची हेलन... आईवर गेलीय का हो?”

आग्नेसबाय उत्तर देणार, इतक्यात घरातून हेलन कडाडली, “आई! पाहुण्यांना उन्हात काय उभं केलंयस?”

माडावरचे कावळे उडाले. रोझलिन नवऱ्याकडे वळली.

“साखरपुड्याचा दिवस धरा,” ती म्हणाली.