जमनामावशीची ताजी लस

जमनामावशी कुठल्याही गोष्टीबद्दल पहिला प्रश्न एकच विचारायची, "ताजी हाय का?" पावाबद्दल, पेपरातल्या बातमीबद्दल, आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांबद्दलसुद्धा. स्वतः मात्र जन्मभर डहाणूच्या बाजारात सुके बोंबील विकत आली.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिला ना नवरा राहिला, ना मूलबाळ. माझा मुलगा झाला तेव्हा न विचारताच ती त्याला आंघोळ घालायला येऊ लागली.

स्वाइन फ्लूचं साल नुकतंच सरलं होतं. डहाणू रोडच्या डॉक्टरांकडे फ्लूची लस मिळते, हे तिला कुठून तरी कळलं. मी बरोबर गेले.

"ही ताजी हाय की गेल्या सालची?"

"याच सालची, मावशी. ताप आणणारा विषाणू रूप बदलतो. यंदा कुठला येईल याचा आधी अंदाज बांधून लस करतात."

"आनि अंदाज चुकला तर?"

"तर लस कमी पडते."

मावशीने थोडा विचार केला आणि दंड पुढे केला.

अंदाज त्या साली चुकलाच. दोनेक महिन्यांनी मावशी तापली. गल्लीतले विचारू लागले, "मावशी, ताजी लस कुठे गेली?" ती अंथरूण उचलून किनाऱ्यावरच्या बोंबील ठेवायच्या खोपीत राहायला गेली.

मी पेज घेऊन जायचे. "तिथंच ठेव, पुढं येऊ नको," ती आतून ओरडायची.

शेवटी मी वैतागून डॉक्टरांना म्हटलं, "लस घेऊन काय झालं? ताप आला तो आलाच."

"आला, पण हलका आला. लशीमुळेही असेल, नक्की सांगता येत नाही." मग म्हणाले, "लस घेतल्यावर मावशी पुन्हा एकटीच आली होती, लस बाळालाही द्या म्हणून. सहा महिन्यांच्या आत देत नाहीत म्हटलं, तर म्हणाली, मग मला टोचलीय ते बरं झालं, रोज त्याला हातात मीच घेते."

खोकला पुरता थांबल्यावर एका सकाळी ती दारात उभी राहिली. मी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. बराच वेळ ती त्याचे तळवे चोळत होती.

"खोपीत सकाळी जाग यायची," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "वाटायचं, याचं पानी तापवायला हवं. उठून बसायची. मग आठवायचं, नि परत आडवी व्हायची."